दारावर इंद्रधनुष्य, आत आईकडून 15,000

थेरपीच्या नावाखाली माझे 47,300 रुपये गेले. 3,500 'असेसमेंट'चे, 28,800 बारा सेशनच्या पॅकेजचे, तेही आगाऊ, आणि 15,000 आईकडून, माझ्या पाठीमागे उकळलेले. सगळ्यात जास्त संताप त्या 15,000 चा आहे.

मी लेस्बियन आहे, ठाण्यात राहते. आधीच्या एका डॉक्टरांनी "लग्न झालं की होईल सगळं ठीक" असं सांगून वाटेला लावलं होतं. म्हणून 'क्वीअर अफर्मेटिव्ह, ट्रॉमा-इन्फॉर्म्ड', म्हणजे समलैंगिकांना आहेत तसं स्वीकारणारी आणि मनावरचा आघात समजून घेणारी थेरपी, असं वाचलं तेव्हा हायसं वाटलं. घोडबंदर रोडवरचा टू बीएचके, दारावर समलैंगिकांच्या अभिमानाचं चिन्ह असलेला इंद्रधनुष्याचा स्टिकर, तुमच्यासाठी कोणती सर्वनामं वापरायची असं विचारणारा फॉर्म. कुणाचाही विश्वास बसला असता.

खटकायला हवं होतं ते पहिल्याच दिवशी. जेमतेम बसले, तोच तिथल्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "डोळे मिट आणि सगळ्यात वाईट प्रसंग पहिल्यापासून सांग." घरी कळल्यावर मामाने मारलं तो दिवस सांगता सांगता माझे हातपाय गार पडले. पाणी मागितलं तर म्हणे, "थांबू नकोस, शरीर मोकळं होतंय." ट्रॉमा कळणारा माणूस नेमकं उलटं करतो. आधी सुरक्षित वाटू देतो, किती बोलायचं ते तुमच्यावर सोडतो, थांबा म्हटलं की थांबतो. पण जिला धड श्वास घेता येत नाही, तिने त्या खुर्चीत बसून समोरचीची परीक्षा घ्यायची का?

रजिस्ट्रेशन नंबर मी विचारला होता. "आम्ही असली उतरंड मानत नाही," हे उत्तर मिळालं. भिंतीवरचं सर्टिफिकेट सहा तासांच्या ऑनलाइन कोर्सचं निघालं.

मग 'फॅमिली सेशन'. मला बाहेर बसवून आईला सांगितलं, "मुलगी लहान आहे अजून, वळवता येईल. तिला यातलं काही सांगू नका." त्यासाठी आईने दागिन्यांसाठी साठवलेले पैसे रोख दिले. पावती नाही. पुढे तिनेच रडत रडत सांगितलं. समलैंगिकता हा आजार नाही. ती 'बदलण्याचे' उपचार करणं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलंय. पण या बाई डॉक्टरच नाहीत!

इथेच सगळे हात वर करतात. पोलीस ठाण्यात, "पैसे तुम्हीच दिलेत ना? मग सिव्हिल मॅटर आहे." वर चारचौघांत मोठ्याने, "पण मॅडम, तुम्हाला नेमका त्रास काय होता?" नियामक संस्थेचं उत्तर, सदर व्यक्ती आमच्या यादीत नाही, सबब कारवाई करता येत नाही. अहो, यादीत नाही हीच तर तक्रार आहे! नोंदणी करणाऱ्याला जाब आणि न करणाऱ्याला मोकळं रान? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव नको, गोपनीयता पाळा, सगळं छापलंय. माझं सगळं आयुष्य मात्र पोलीस ठाण्यातल्या टेबलावर उघडं पडलं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्यांचं नाव आणि नंबर भारतीय पुनर्वास परिषदेच्या (त्यांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) वेबसाइटवर ताडून बघा. 'काउन्सेलर' ही पाटी कुणीही लावतं, तिथे शिक्षण कुठलं आणि देखरेख कुणाची ते विचारा. उत्तर गोलमोल आलं की उठा. पॅकेज आगाऊ भरू नका. तुमच्या मागे घरच्यांशी बोलणाऱ्यांकडे पुन्हा पाऊल टाकू नका. रात्री अपरात्री जीव घाबरा झाला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

मी ग्राहक आयोगात जातेय. 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. घोडबंदरला तुमचेही असे पैसे गेले असतील तर यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि चॅट अजिबात डिलीट करू नका.