अ‍ॅल्युमिनियमला रंग: कापडाचा की खास अ‍ॅनोडायझिंगचा?

सोलापूर म्हणजे चादरी-टॉवेलांचं गाव, त्यामुळे अ‍ॅनोडाइझ केलेल्या, म्हणजे अ‍ॅसिडच्या द्रावणात वीज सोडून वर ऑक्साइडचा थर चढवलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टला कापडाचाच रंग द्यावा, हे इथे सहज सुचतं. चालतो, पण कुठला ते बघून घ्या. टॉवेलच्या सुताला लागणारा रिअ‍ॅक्टिव्ह रंग नको; लोकर-रेशमाचा अ‍ॅसिड डाय मागा. तो स्वस्त पडतो, लाल-निळा झकास चढतो.

खास अ‍ॅनोडायझिंगचा रंग महाग, पण उन्हात टिकतो तो हाच. पार्ट सायकलचा असेल, रोज सोलापूरचं ऊन खाणार असेल, तर इथे पैसे वाचवू नका. काळाही यातच खरा गडद येतो. कापडाच्या काळ्यात बऱ्याचदा जांभळट झाक राहते.

थरच कच्चा असेल तर मात्र दोन्ही रंग वाया. सल्फ्युरिक अ‍ॅसिडचं द्रावण २० अंशांच्या आसपास हवं. मे महिन्यात पारा ४० च्या वर, तेव्हा टबाभोवती बर्फ लावाच. नाहीतर थर भुसभुशीत होतो, बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागते. रंगाचं पाणी ५०-६० अंश ठेवा, मग रंग पक्का बसायला पार्ट उकळत्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास. आणि अ‍ॅसिड नेहमी पाण्यात ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. चष्मा, हातमोजे घालून, मोकळ्या गच्चीवर.