ड्यूटीच्या पिस्तुलावर रेड डॉट: आरएमआर, अ‍ॅक्रो की ५०९टी?

अमेरिकी पोलिसांच्या पिस्तुलांवर रेड डॉट, म्हणजे काचेवर चमकता ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणारा साइट, आता नवलाचा राहिलेला नाही. निवड करायची वेळ आली की चर्चा हमखास तीन नावांवर येते: ट्रिजिकॉनचा आरएमआर टाइप २, एमपॉइंटचा अ‍ॅक्रो पी-२ आणि होलोसनचा ५०९टी. तिघेही मजबूत आहेत. आरएमआरची बॉडी ७०७५ अ‍ॅल्युमिनियमची आहे, ५०९टीची टायटॅनियमची. बॉडी फुटून डॉट निकामी होण्यापेक्षा पाणी, सेल आणि स्क्रू यांनी घात होण्याची शक्यता जास्त.

आधी पाणी. आरएमआर उघडा आहे: मागच्या बाजूचा छोटा एलईडी काचेवर प्रकाश टाकतो आणि मधली जागा मोकळी असते. एलईडीवर पावसाचा एक थेंब किंवा जॅकेटचा धागा बसला, की ठिपका फाटतो किंवा दिसेनासाच होतो. अ‍ॅक्रो आणि ५०९टी दोन्हीकडून काचेने बंद आहेत. त्यांच्या बाहेरच्या काचेवरही थेंब पडतात, एसी गाडीतून दमट हवेत उतरलं की वाफही धरते. पण बोट फिरवलं की काम होतं. दिवसभर उघड्यावर गस्त घालणाऱ्याने बंद डॉटच घ्यावा.

सेलच्या बाबतीत आरएमआर मागे पडतो. सीआर२०३२ सेल त्याच्या तळाशी आहे, म्हणजे सेल बदलायला अख्खा डॉट स्लाइडवरून (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावरून) उतरवायचा, स्क्रू पुन्हा आवळायचे आणि झिरो (गोळी ठिपक्यावरच लागते ना, ते) तपासायला रेंजवर जायचं. अ‍ॅक्रोचा सीआर२०३२ आणि ५०९टीचा सीआर१६३२ बाजूने निघतो, झिरो हलत नाही. या दोघांसाठी कंपन्या मध्यम उजेडावर ५०,००० तासांचा दावा करतात. तो आकडा कागदावर ठेवा आणि सेल दरवर्षी एका ठरलेल्या तारखेला बदला.

आता स्क्रू, कारण खरी गडबड इथेच होते. ग्लॉक पिस्तुलाच्या एमओएस स्लाइडवर, म्हणजे डॉटसाठी कारखान्यातच खाच केलेल्या स्लाइडवर, आधी प्लेट बसते, मग तिच्यावर डॉट. सांधे जितके जास्त, सैल पडायच्या जागा तितक्या जास्त. ५०९टी आरएमआरच्या कटावर (त्याच्या मापाच्या खाचेत) बसवायचा तर सोबत येणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. वर एमओएसची प्लेटही असली तर थरावर थर चढतो. अ‍ॅक्रोला त्याच्याच मापाचा क्लॅम्प लागतो. म्हणून स्लाइड आधीच आरएमआरसाठी मिल केलेली (खाच पाडलेली) असेल तर आरएमआर थेट आणि खाली बसतो; त्याच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे.

बसवताना भोकं आणि स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडे पुसा. तेल राहिलं तर थ्रेडलॉकर (स्क्रू सैल पडू नये म्हणून लावायचा गोंद) धरत नाही. निळा थ्रेडलॉकर एक थेंब पुरे, लाल नको. आरएमआरचे स्क्रू १२ इंच-पाउंडला टॉर्क रेंचने आवळा, अंदाजाने नाही. लांब स्क्रू उजव्या बाजूला एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणाऱ्या भागाच्या) प्लंजरवर टेकतो आणि काडतुसं अडकायला लागतात. दोष मग उगाच पिस्तुलाला दिला जातो. शेवटी स्क्रूच्या डोक्यापासून बॉडीपर्यंत रंगाची रेघ मारा, म्हणजे सैल पडलेला स्क्रू नजरेनेच कळतो.

ठिपक्याच्या आकारावर फार वेळ घालवू नका. आरएमआरचा ३.२५ एमओएचा (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ठिपका २५ मीटरवर जेमतेम २.४ सेंमी झाकतो, अ‍ॅक्रोचा ३.५ जवळपास तितकाच. ५०९टीमध्ये २ एमओए ठिपक्याभोवती ३२ एमओएचं वर्तुळही मिळतं. उजेड मात्र स्वतः ठरवून ठेवा. ऑटो मोडवर अंधाऱ्या खोलीतून उजेडातल्या माणसाकडे पाहिलं की ठिपका फिका पडतो.

पैसे मोजायच्या आधी होल्स्टर पाहा. आरएमआर सुमारे ३४ ग्रॅमचा, अ‍ॅक्रो ६० ग्रॅमचा आणि डब्यासारखा. आरएमआरसाठी बनवलेल्या झाकणाच्या होल्स्टरमध्ये अ‍ॅक्रो मावेलच असं नाही. प्लेटवर तो उंचही बसतो, त्यामुळे काचेतून दिसतील अशा उंच आयर्न साइट्सचा (धातूच्या साध्या साइट्सचा) खर्च त्याच यादीत धरा. पैशाची ओढाताण असेल तर तिघांत सहसा ५०९टी स्वस्त पडतो. स्लाइड कोरी असेल आणि पैसे पोलीस खातंच भरणार असेल, तर अ‍ॅक्रोसाठी थेट मिल करून घ्या, मधली प्लेटच नको.