लिन बससाठी नॅनो घ्यावा की ब्लू पिल?

लिन म्हणजे गाडीतल्या छोट्या मोटरी, सेन्सर एकाच तारेवर जोडणारी बस, आणि मास्टर म्हणजे तिच्यावर कोणी कधी बोलायचं ते ठरवणारा बोर्ड. मास्टरला डायोडमागे १ किलोओहमचा पुल-अप (तार वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) लागतो, एवढं लक्षात ठेवा, आता थेट बोर्डवर येतो: आर्डुइनो नॅनो आणि ब्लू पिल हा एसटीएम३२ चिपचा छोटा बोर्ड. माझ्याकडे कोपरीत टेबलावर दोन्ही आहेत, सोबत टीजेए१०२१ ट्रान्सीव्हर (बोर्ड आणि लिनची तार यांना जोडणारी चिप) आणि रबाळे एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या गॅरेजमधून आणलेली एसी फ्लॅपची मोटर, आणि दोघांवरही मी तीच मोटर चालवलीय.

नॅनो मास्टर म्हणून खरंच वाईट नाही. ५ व्होल्टचा आहे, यूएसबी लावली की कोड गेला. ब्रेक (फ्रेम, म्हणजे एक निरोप, सुरू होतोय हे सांगायला तार बराच वेळ लो ठेवणं) पाठवायचा जुगाडही साधा आहे, बॉड (बिटचा वेग) १९२०० वरून ९६०० करायचा आणि शून्याची बाइट सोडायची, समोरच्याला ती १८ बिट लो दिसते आणि लागतात किमान १३. फक्त बाइट पिनवरून पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबून मगच बॉड परत वर न्यायचा, एवढं सांभाळलं की झालं.

खरी कटकट ऐकताना होते. आर्डुइनोची सिरीयल लायब्ररी फ्रेमिंग एररचा बिट (बाइट संपताना तार हाय झाली नाही याची खूण) आपल्यापर्यंत पोचूच देत नाही, त्यामुळे ब्रेक आला काय आणि डेटामधला खराखुरा शून्य आला काय, हातात सारखाच ००. मग सगळे करतात तेच आपण करतो, ०० नंतर हेक्स ५५ (ब्रेकमागून येणारी ठरलेली सिंक बाइट, दशांशात ८५) दिसला की नवीन हेडर, म्हणजे फ्रेमची सुरुवात, समजायचं. माझ्या मोटरच्या उत्तरात एक बाइट ०० आणि पुढची पोझिशनची, म्हणजे फ्लॅप ८५ वर आला की डेटातच ००, ५५ तयार! पॅरिटी तपासली तरी पीआयडीला (हेडरमधली, फ्रेम कोणती ते सांगणारी बाइट) पॅरिटीचे म्हणजे तपासणीचे दोनच बिट, चारातली एक बाइट चुकून पास होतेच, चेकसम (फ्रेमच्या शेवटची तपासणी-बाइट) नंतर ती फ्रेम फेकून देतो पण खरी फ्रेम तर गेलीच ना. आणि हे फक्त फ्लॅप त्या जागेवर असताना, बाकी वेळी सगळं सुरळीत, त्यामुळे शोधायला जाम त्रास. स्वतःची आयएसआर (इंटरप्ट आला की चालणारा कोड) लिहून एफई, म्हणजे तोच फ्रेमिंग एररचा बिट वाचता येतो हे मान्य, पण मग सोपा म्हणून नॅनो घेतला त्याचं काय राहिलं?

ब्लू पिलवरच्या एसटीएम३२एफ१०३ मध्ये यूएसएआरटीलाच (चिपमधला सिरीयल पोर्ट) लिन मोड आहे. तो चालू केला, ब्रेक डिटेक्शन ११ बिटवर ठेवलं, की ब्रेकचं वेगळं इंटरप्ट येतं आणि तिथे पार्सर (फ्रेम वाचणारा कोड) सरळ शून्यावर. १३ बिटचा ब्रेकही तोच पाठवतो. शिवाय यूएसएआरटी तीन, त्यामुळे एकावर लिन आणि दुसऱ्यावर निवांत डीबग प्रिंट, नॅनोत एकच आणि तोही यूएसबीला बांधलेला.

त्रास इथेही आहे. कोड घालायला एसटी-लिंकसारखा प्रोग्रामर वेगळा घ्यावा लागतो, लॅमिंग्टन रोडला बोर्ड घेताना चिप क्लोन आहे का ते विचारावं लागतं, आणि पहिला सेटअप नॅनोपेक्षा वेळ खातो.

एकच ओळखीची मोटर फक्त हलवायची असेल तर माझ्या मते नॅनो पुरेल, उगाच खर्च नको. पण अनोळखी बस ऐकायची असेल तर मी तरी ब्लू पिलच घेईन. लिन पीबी१०-पीबी११ वर घ्या, त्या पिना ५ व्होल्ट सहन करतात, पीए२-पीए३ करत नाहीत, आणि ट्रान्सीव्हरच्या आरएक्सडीचा (बोर्डकडे डेटा देणारी पिन) पुल-अप ३.३ लाच द्या.