पाचशेचं चलन आणि 23,349 रुपयांचा चुना

पुण्यात एमबीबीएसची इंटर्नशिप करतेय. म्हणजे शिकलेली आहे आणि तरीही फसले. हे मीच आधी लिहून टाकते, कारण गेले तीन आठवडे भेटेल तो मला हेच ऐकवतोय.

ट्रॅफिकचं चलन खरं होतं. नाइट ड्युटी संपवून निघाले, सिग्नलला स्कूटर झेब्रावर गेली, कॅमेऱ्याने टिपली. दंड 500 रुपये. भरू भरू म्हणत चार महिने गेले. मग लोकअदालतीचा मेसेज आला, तोही खराच. थकलेल्या चलनांसाठी असे मेसेज येतात, घरोघरी आलेत. पण त्याच आठवड्यात होस्टेलवर कुणीतरी म्हणालं, चलन थकलं तर पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये दिसतं, मेडिकल कौन्सिलचं पर्मनंट रजिस्ट्रेशन अडकतं, परदेशाचं तर विसरूनच जा. पोटात गोळा आला. साडेपाच वर्षं घासली ती झेब्रापायी जाणार?

मी टेलिग्रामवरच्या प्लॅबवाल्या (ब्रिटनमध्ये डॉक्टरकी करायला लागणारी परीक्षा) ग्रुपात विचारलं. सोबत चलनाचा स्क्रीनशॉट टाकला. गाडीचा नंबर, चलन नंबर, सगळं दिसत होतं. (असले स्क्रीनशॉट टाकू नका. टाकलाच असेल तर आत्ता जाऊन काढा.) पाऊण तासात व्हॉट्सॲप कॉल. डीपीला अशोकस्तंभ.

"डॉक्टर मॅडम, वाहतूक शाखा, कोर्ट सेक्शन."

डॉक्टर मॅडम! गाडी बाबांच्या नावावर आहे. वाहतूक शाखेला चलनावरून मी डॉक्टर असल्याचं कळेलच कसं? हा प्रश्न मला दुसऱ्या दिवशी दुपारी अंघोळ करताना पडला. त्या क्षणी मी कॅज्युअल्टीत होते, दोन एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेस, चालू, एका हातात ग्लोव्ह, फोन खांद्याने धरलेला. तुम्ही असतात तर तुम्हाला सुचलं असतं का, ते मला सांगू नका.

आधी 1,850 रुपये कोर्ट फी. मग 6,500 रुपये 'मेडिकल कौन्सिलसाठी एनओसी'. शेवटी 14,999 रुपये डिपॉझिट, चोवीस तासांत परत मिळणारं. पहिल्याच वेळी यूपीआयच्या स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं ते कुठल्याशा साडी सेंटरचं. मी विचारलंसुद्धा. म्हणाला, सरकारी व्हेंडर आहे मॅडम. आणि मी पिन टाकला. साडी सेंटर! एवढा एक सेकंद माझ्या हातात होता. अजून रात्री जाग आली की तीच स्क्रीन डोळ्यांसमोर येते. सरकारी दंड साडीच्या दुकानात जात नाही, हे कळायला एमबीबीएस लागत नाही.

एनओसीची पीडीएफ आली. वर ठसठशीत अक्षरांत 'नाहकरत प्रमाणपत्र'. नाहरकत नव्हे, नाहकरत. ते वाचूनही मी तिसरा हप्ता भरला. एकूण 23,349. माझं महिन्याचं विद्यावेतन 18,000.

सगळ्यात लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पोलीस आमच्याकडे आणतात, त्यांचं रक्त मी स्वतः काढते. अपघाताच्या केसचे कागद मी लिहिते. फौजदारी गुन्हा कशाला म्हणतात ते रोज डोळ्यांसमोर असतं, तरी चलन आणि एफआयआर यांतला फरक मला त्या रात्री आठवला नाही. झेब्रा, हेल्मेट, पार्किंग, सिग्नल यांचा दंड भरला की तडजोड झाली, विषय मिटला. करिअरला खरा धोका कलम 185 चा, म्हणजे पिऊन चालवण्याचा, किंवा कुणाला उडवून गुन्हा नोंदला जाण्याचा. ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने तर लिहूनच ठेवलंय की वाहतुकीच्या गुन्ह्याचा ठरलेला दंड भरला असेल तर तो कळवायची गरज नाही. परदेशासाठी पोलिसांचा दाखला लागला तर पासपोर्टच्या सरकारी साइटवर 500 रुपयांत अर्ज होतो. हे सगळं मी पैसे गेल्यावर वाचलं.

आता आपली यंत्रणा. ड्युटीनंतर झोपले, उठल्यावर शंका आली, म्हणजे 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायला उशीर माझ्याकडूनच झाला, मान्य. (तुम्ही झोपू नका. आधी फोन, मग झोप.) पण तो नंबर सतत बिझी. लागला तेव्हा तक्रार नोंदवताना मध्येच कट. बँकेत गेले तर, "पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार?" चौकीत म्हणाले सायबरला जा. सायबरला म्हणाले रक्कम किरकोळ आहे, तुमच्या हद्दीतल्या चौकीत द्या. माझ्या सव्वा महिन्याच्या पगाराला किरकोळ म्हणणाऱ्या साहेबांच्या टेबलावर 'सायबर साक्षर व्हा' असं पत्रक होतं, त्यावर चहाचा कप ठेवलेला. परत चौकीत गेले. हवालदार काकांनी अर्ज वाचला, "डॉक्टर असून?" म्हणाले आणि पँट वर करून गुडघा दाखवला. जिना उतरताना दुखतो म्हणे. मी बघितला. काय करणार, अर्जावर शिक्का हवा होता.

शिक्का मिळाला. तोवर पैसे दोन खात्यांतून पुढे गेले होते. 3,200 रुपये तेवढे एका खात्यात गोठवलेले सापडले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. कोर्टाच्या भीतीने 23,349 घालवले आणि आता 3,200 साठी सुट्टी टाकून खरोखरच्या कोर्टात जायचंय. इंटर्नशिपची सुट्टी किती मिळते ते इंटर्नना विचारा. जास्त झाली की पोस्टिंग वाढतं.

आणि हो, मूळ चलन तसंच थकलेलं होतं. परवा सरकारी साइटवर भरलं, पत्त्याच्या शेवटी gov.in आहे ना ते तीनदा बघून. गाडीचा नंबर टाकला, पाचशे भरले, पावती आली. दोन मिनिटं.

काल नवीन नंबरवरून मेसेज: "मॅडम, सायबर रिकव्हरी सेल. तुमचे 23,349 परत मिळतील, प्रोसेसिंग फी 2,500." आकडा अगदी बरोबर. म्हणजे हीच टोळी, किंवा हिने माझं नाव पुढे विकलंय. यांना फी देऊ नका, उलट बोलूही नका. मी स्क्रीनशॉट काढून ब्लॉक केलं. सोमवारी चौकीत नेऊन देणार आहे. गुडघ्याच्या एक्स-रेची चिठ्ठीही सोबत घेतलीय, काका विचारणारच.