मुंबई–नागपूर : विमान की रात्रीची दुरांतो?

लग्नासाठी नागपूरला निघालेल्या, दादरला राहणाऱ्या एका स्नेह्यांना हा प्रश्न पडला आहे. हे अंतर आकाशमार्गे सुमारे ७०० किलोमीटर आहे, तर भुसावळमार्गे रेल्वेने ते साधारण ८४० किलोमीटर भरते.

विमान दीड तासात पोहोचते हे खरे, पण तिकिटावर छापलेला वेळ म्हणजे प्रवासाचा वेळ नव्हे. विमानतळापर्यंतची वाहतूक कोंडी, सामान देण्याची खिडकी उड्डाणाच्या तासभर आधी बंद होत असल्याने लवकर पोहोचण्याची सक्ती, सुरक्षा तपासणीची रांग आणि उतरल्यावर बॅगेची वाट पाहणे हे सारे धरले, तर घरापासून घरापर्यंत पाच तास सहज जातात. दुरांतोला अकरा तास लागतात. मात्र ती रात्री आठनंतर सीएसएमटीहून सुटून सकाळी सीताबर्डीजवळच्या स्थानकात उतरवते, त्यामुळे त्यातले बरेचसे तास झोपेत सरतात आणि दिवस मोकळा राहतो.

भाडे मागणीनुसार दोन्हीकडे चढते, तरी लग्नसराईत विमानाची झेप फार मोठी असते. शिवाय थ्री-टायर एसीत माणशी ४० किलो सामान नेता येते, विमानात बहुधा १५. आहेराच्या साड्या आणि भांडी नेणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवतो.

कुटुंबकबिला, जड सामान आणि आधी काढलेले आरक्षण असेल, तर दुरांतोच घ्यावी. एकट्याने, हातातल्या बॅगेनिशी त्याच दिवशी परतायचे असेल किंवा ज्येष्ठांना रात्रभराचा प्रवास सोसणार नसेल, तर विमानाचे जास्तीचे पैसे योग्यच ठरतात.