आशाताईची घरभेट की अंगणवाडीतली बैठक?

नागपूरजवळ मिहान, हिंगण्याकडच्या बांधकामांवर छत्तीसगड, मध्य प्रदेशातून आलेल्या बाया असतात. बाळंतपणानंतर त्यांना खाणंपिणं, हालचाल कोण सांगणार?

दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताई 42 दिवसांत 6 वेळा घरी येते. झोपडीतली चूल, पाण्याचा ड्रम तिला दिसतो. ‘ओल्या बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं’ म्हणणाऱ्या सासूशीही तिथंच बोलता येतं. लोहाच्या गोळ्या मात्र 180 दिवस घ्यायच्या, आणि तोवर साइट बदललेली असते!

बैठकीत मैत्रिणी मिळतात, चालायला सोबत होते. पण त्या दिवसाची मजुरी बुडते, त्यात नागपूरचं ऊन. माझं मत घरभेटीला. बैठक घ्यायचीच तर संध्याकाळी, साइटवरच, छत्तीसगडीत.