ब्रेक निकामी होऊन मृत्यू: न्यायाधिकरण की ग्राहक आयोग?

वर्धा रोडवर चालत्या गाडीचे ब्रेक निकामी झाले आणि घरातला माणूस गेला, तर नागपुरात भरपाईसाठी दोन दारे आहेत.

पहिले सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयातले मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. इथे दावा गाडीमालक, चालक आणि विमा कंपनीवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली कुणाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख मिळतात. जास्त हवे असल्यास कलम १६६. त्याला आता ६ महिन्यांची मुदत आहे, तेराव्यानंतर लगेच वकील गाठा. रस्त्याने पायी जाणारा गेला असेल, तर हाच मार्ग सरळ.

पण सुटा भाग बनवणारी कंपनी इथे सहसा बाजूलाच राहते, आणि मला तेच खटकते. तिला जाब विचारायचा तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादन-दायित्व, म्हणजे सदोष मालाने झालेल्या हानीची जबाबदारी, आणले: निर्मितीत किंवा रचनेत दोष दाखवला की निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. मुदत २ वर्षे. आयोग भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो.

खरी अडचण पुराव्याची. गाडीत नंतर फेरबदल केला, असे कंपनी म्हणणारच; म्हणून सर्व्हिसिंगची बिले जपा. आणि पोलिसांकडून गाडी सुटली की भंगारात देऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी. तो तुटलेला भागच तुमचा साक्षीदार आहे.

कमावता माणूस गेला असेल, तर मी आधी न्यायाधिकरणात जाईन.